देशाची मान उंचावल्याबद्दल

कॅनडातल्या बिअर कंपन्यांच्या समस्त जाहिरातप्रमुखांस,

स. न. वि. वि.

1984च्या सुमारास आपण ती बुटकी, तपकिरी ‘स्टबी’ मोडीत काढलीत आणि देशाला लांब मानेची बाटली दिलीत. आभार मानायचे राहूनच गेले होते.

होतं काय हो त्या स्टबीत? 1961पासून वीसेक वर्षं मोल्सन, लॅबॅट, कार्लिंग, सगळ्यांची बिअर एकाच घाटाच्या बाटलीत! फरक काय तो लेबलाचा. आज मोल्सन एक्सपोर्ट रिचवून परत केलेली बाटली धुऊन निघाली की पुढच्या खेपेला खुशाल लॅबॅट फिफ्टी घेऊन यायची. कुठली कुणाची हे निवडत बसायला नको, की रिकाम्या बाटल्यांसाठी लांबवर ट्रक पळवायला नको. अशानं धंद्याची प्रतिष्ठा काय राहणार?

शिवाय रूप ते असं. खांदे थेट तोंडाला भिडलेले. मानच नाही, तर मोडणार काय? चोवीसचं खोकं बसकं, एकावर एक रचलं तरी डगमगत नाही. उजेड लागला की बिअरला स्कंकसारखा वास सुटतो. तपकिरी काच तो उजेडही अडवायची. गुण सगळे संसारी, पण फोटोत उठून दिसत नाही.

1983मध्ये कार्लिंग ओकीफनं अमेरिकेची मिलर हाय लाइफ परवान्यावर इथं बनवायला घेतली, तीही उंच बाटलीत, आणि बाकीच्यांची झोप उडाली. त्याच वर्षी ‘स्ट्रेंज ब्रू’ सिनेमात बॉब आणि डग मॅकेन्झी स्टबीत उंदीर घालून फुकट बिअर उकळायला निघाले होते. बाटली पडद्यावर झळकली नि आपण तिला भंगारात काढलंत. वेळ साधावी तर अशी!

मग ज्याची त्याची बाटली वेगळी. निवडा, वेगळ्या करा, ज्याच्या त्याच्याकडे धाडा. आणि 1992मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं काय, तर सगळ्यांनी एकच बाटली वापरावी! म्हणजे स्टबीचीच अक्कल, वर मान चिकटवलेली. बिअर तेव्हाही 341 मिलिलिटर, आताही 341. घोटभरही जास्त न देता बाटली मोठी दिसायला लावणं हे येरागबाळ्याचं काम नोहे.

झाकण पिळून उघडतं, हा उपकार मात्र मनापासून मान्य. ओपनर नेमका पाहुणे आल्यावरच हरवतो.

पुढं वॉटर्लूच्या ब्रिक ब्रुअरीनं रेड कॅप बिअर पुन्हा स्टबीत आणली. असल्या जुनाट खुळांना वेळीच आवर घालावा. आणि पुढची बाटली काढाल ती याहून उंच काढा; फक्त त्याआधी कुणाच्या तरी घरी जाऊन फ्रिज उघडून पाहा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फ्रिजचा मधला कप्पा काढून ठेवलेला एक ग्राहक