टक्के किती आले?

वऱ्हाडात पीएचडीवाल्याला विषय आता कुणी विचारत नाही. विचारतात ते एकच, ‘टक्के किती आले?’ हे टक्के गुणांचे नव्हेत, यंत्रानं पकडलेल्या उचलेगिरीचे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, 60 च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. हेतू चांगला होता. पण शोध राहिला बाजूला आणि ‘भाऊ, टक्के कमी करून देतो नं!’ म्हणणाऱ्यांची चांदी झाली. शेतकऱ्याचा कृषक करायचा, वाक्य उलटंपालटं करायचं, विचार दुसऱ्याचाच ठेवायचा. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला, तर यंत्राला बहुधा पत्ताच लागत नाही. आता एआय आलं. ते मागाल तसा संदर्भ देतं. लेखक, वर्ष, पान, सगळं चोख. फक्त ते पुस्तक पुष्कळदा कधी कुणी लिहिलेलंच नसतं.

आणि हे चाललंय कुठं, तर रिद्धपूरच्या मुलखात! तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं ते इथंच. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं, त्यांना गाठून एकेक आठवण मिळवली, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतली. पुढे मूळ पोथी हल्ल्यात गेली. आठवणीतून ती पुन्हा उभी करताना सांगणं जुळलं नाही, तिथं वेगळे पाठही जपले गेले. हिराइसेच्या आठवणीतला ‘हिराइसा पाठ’ आजही तिच्याच नावानं ओळखला जातो. ना यूजीसी होती, ना सॉफ्टवेअर. प्रश्न एकच होता, आपल्या बोलीत सांगायचा तर, ‘तुले कोनं सांगतलं?’

हाच प्रश्न अकोल्यातल्या कापसावरच्या प्रबंधाला विचारून पाहा. आकडे कुठल्याशा वेबसाइटवरचे, तेही कोणत्या हंगामाचे ते लिहिलेलं नाही. 1969 पासून गावात कृषी विद्यापीठ आहे, कापूस बाजार ऑटोच्या अंतरावर आहे. पण तिथं जायचं म्हणजे ऊन लागतं ना बाप्पा! शोधगंगेवर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. आमचे काही वीर ते उघडतात आणि थेट संदर्भसूचीवर उतरतात. मग मूळ यादीतली छपाईची चूकसुद्धा इमानानं पुढच्या प्रबंधात येते.

तेव्हा परीक्षकांनो, पुढच्या व्हायव्हाला टक्क्यांचा कागद बाजूला ठेवा. संदर्भसूचीतल्या कोणत्याही एका पुस्तकावर बोट ठेवा आणि उमेदवाराला म्हणा, ‘जा, ग्रंथालयातून एवढं घेऊन ये.’ चहा तोवर सावकाश प्या.