मूठ कशी मिटावी : नवशिक्यांसाठी पाठ

अभिनंदन! आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी-सीसीपीही भरपूर. म्हणजे आमवाताच्या शाळेत तुमचा प्रवेश पक्का. बायकांना इथं पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट जागा आहेत, हे एक बरं.

पहिला तास सकाळचा. डोळे उघडल्याबरोबर मूठ मिटून पाहा. मिटणार नाही. दाह वाढवणारं इंटरल्युकिन-6 रात्रीतून रक्तात चढत जातं, पहाटे कळस गाठतं आणि त्याला आवरायला शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल अपुरं पडतं. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याची झीज वेगळी; त्या अर्ध्या तासाच्या आत मोकळ्या होतात. तुमची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर चालून गेलेली आहे, तेव्हा तास-दीड तास धरून चाला. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून झाला. गिनीजवाल्यांनी नोंद घेतली. ब्लाउजचं वरचं हूक लावायला लागलेला वेळ कोणी नोंदवत नाही.

स्वयंपाकघरात बोटांना शक्यतो सुट्टी द्या. डबा तळहाताने दाबून उघडा, पातेलं दोन्ही हातांनी उचला, कुकरच्या झाकणाला घरातला तरणा माणूस बोलवा. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळ्या या वर्षी जाऊबाईंनी लाटल्या तर देवी रागावत नाही. जाऊबाईंचं सांगता येत नाही.

आता नातेवाईक. ‘काहून वं, काल तं चांगली धुणं धूत होती!’ हे वाक्य रोज ऐकायची सवय करा. दुखणं दिवसागणिक बदलतं, पण ते एक्स-रे घेऊन फिरल्याशिवाय कोणाला पटत नाही. ‘वांगे सोडून दे’ असंही सांगतील. वऱ्हाडात, रोडग्यांच्या पंगतीत बसून! मान डोलवा आणि वाढून घ्या. वांग्याने सांधे बिघडतात याला धड पुरावा नाही. पुडी मात्र कोणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. चार दिवसांत आराम पडतो, मग चेहरा गोल होतो, लोक म्हणतात तब्येत सुधारली. आत साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात.

खरी गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर गोल करा. गुरुवार गजानन महाराजांचा, तर गोळीला रविवार द्या. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी, आणि रक्त-लिव्हरची तपासणी वेळच्या वेळी. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. ‘फरक पडला का वं?’ तिसऱ्या दिवसापासून सुरू होतं.

सगळ्यात अवघड धडा मनाचा, आणि तो कोणी शिकवत नाही. तापात पडल्यावर कसं कोणाशी बोलू नये, खाऊ नये, नुसतं पडून राहावं वाटतं? तेच दाहाचे संदेश या दुखण्यात महिनोन्‌महिने मेंदूपर्यंत जात राहतात. शिवाय दुखण्यामुळे झोप नाही, अंगात रक्त कमी. या आजारात नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. आणि मन खचलं की दुखणं वाढून जाणवतं, गोळीही चुकते. घरचे याला आळस म्हणतील, तुम्हीही म्हणाल. डॉक्टरांपुढे बोटं पसरता तेव्हा हेही सांगा: ‘सणाला साडी नेसावीशी वाटत नाही.’ त्यांनी विचारायची वाट पाहू नका. बाहेर रांग मोठी असते.

प्रात्यक्षिक अकोल्याच्या एसटीत. पायरी उंच असते. दांड्याला बोटांनी लोंबकळू नका, कोपर अडकवा. बसलेल्या पोराला जागा मागा. तो म्हणेल, ‘मावशी, चांगल्या तं दिसता!’ मग बडनेऱ्यापासून त्याला इंटरल्युकिन-6 समजावून सांगायला घ्या, सावकाश, पहिल्यापासून. मूर्तिजापूर यायच्या आत तो उठतो.