पन्नाशी उलटलेल्या जीपला मान कसा मिळवून द्यावा

प्रथम गोठ्याच्या कडेची जीप उघडी करावी. तिच्यावरची कांद्याची बारदाने आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी हलवावीत. ड्रायव्हरच्या सीटवर खुडुक कोंबडी असल्यास तिला सन्मानाने उठवावे. तिचा ताबा बराच जुना असतो.

मग वय. केंद्राच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली खासगी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी घेतली’ हा आजीचा दाखला इथे चालत नाही, आरसी बुक लागते. ते आजोबांच्या ट्रंकेत, भाऊबंदकीच्या दाव्याच्या कागदांखाली सापडेल. खालचे काढताना वरचे वाचू नयेत. नाहीतर जीप राहते आणि दावा पुन्हा उभा राहतो.

खरी परीक्षा पुढे आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अमेरिकेत पाँटियाक जीटीओसारख्या दांडग्या गाड्यांचे शौकीन इंजिनवरचा आकडा चासीच्या आकड्याशी जुळतो का, हे भिंग लावून बघतात. आमच्या ओतूरच्या जीपला भिंग लागत नाही. महिंद्राने बसवलेले पेट्रोल इंजिन कधीच भंगारात गेलेले असते, जागी डिझेलचे धडधडत असते. माळशेज घाटात वडाप करायचे म्हणून मागची बाजू हातभर लांबवलेली, हॉर्न ट्रकचा, स्टेअरिंग कुणाचे ते देवाला ठाऊक. इतके बदलले म्हणूनच ती पन्नास वर्षे चालली, आणि चालली म्हणूनच आता नापास होणार. जी गाडी घेतल्या दिवसापासून बंद पडून आहे, तिलाच पहिला मान! सरकारी समिती तपासणी करील तेव्हा मेस्त्रीला मुळीच सोबत नेऊ नये. तो एकेका भागावर हात ठेवून ‘हे आपण बसवलंय साहेब’ असे अभिमानाने सांगतो.

एवढ्यातून निभावलात तर बाकी किरकोळ. परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २०, विमा आणि जुने आरसी चढवावे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या खेपेला ५,०००. कांद्याची पट्टी हातात पडल्याच्या दिवशीच अर्ज करावा, दुसऱ्या दिवशी धीर होत नाही. नवा नंबर ‘एमएच व्हीए’ने सुरू होतो, पण आधीची नोंदणी असल्यास जुना नंबर ठेवता येतो. तो ठेवावाच. ‘एमएच १४’ जन्माला येण्याआधीची तीन अक्षरे पाटीवर असली की पिंपरी-चिंचवडचे पाहुणेही गाडीला अहो-जाहो करतात.

मान मिळाला की कामधंदा सुटतो. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. श्रावणी सोमवारी अकरा माणसे कोंबून कपर्दिकेश्वराच्या यात्रेला नेणे यात बसत नाही. उपबाजारात कांदा नेणे तर नाहीच. पेट्रोल भरायला जाता येते. पंप बाजाराच्या वाटेवर असेल तर तो भूगोलाचा दोष.

वाटेत कुणी ‘बाजारला निघाला का रं?’ विचारलेच, तर ‘नाय तात्या, प्रदर्शनाला’ म्हणावे. मागच्या पिशव्यांकडे त्यांची नजर गेल्यास एक पिशवी उघडून दाखवावी. प्रदर्शन झाले.