जप्त केलेला देव

मुकुटबनला माझ्या मोठीमायच्या देवघरात एक फोटो आहे. तो तिनं विकत घेतलेला नाही, तिला कुणी भेटही दिलेला नाही. तो जप्त केलेला आहे.

झालं असं. विधानसभेच्या निवडणुकीची आदली रात्र. कापूस वेचून वेचून मोठीमायची बोटं चिरलेली, ती तेल लावत बसलेली. दारात एक कार्यकर्ता आला. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात देवाचा फोटो. पाकीट घ्यायचं आणि फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायची, असा सरळ व्यवहार.

"आंघोळ केली का रे बापू?" मोठीमायनं विचारलं.

"सकायपासून फिरूनच रायलो न माय."

"मंग देवाले हात कसा लावला तुनं?" तिनं फोटो काढून घेतला, पदरानं पुसला, आत नेऊन ठेवला. "ह्या पायी आता कुठी नेऊ नको त्याले. जाय." पाकिटाला तिनं बोट लावलं नाही. शपथही घेतली नाही. देवच आत गेल्यावर शपथ कुणाची घेणार?

आमच्याकडे सगळे म्हणतात, मोठीमाय भोळी आहे. पण १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा तिच्याच बाजूनं बोलतो. मत दिलं नाही तर देव कोपेल, असं मतदाराला वाटायला लावणं हा त्यात भ्रष्ट आचार ठरतो. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना असा फोटो घेऊन फिरणारा माणूस कुठून ठाऊक झाला असेल, याचं मला नवल वाटतं. मोठीमायला कलम ठाऊक नाही. तिच्या लेखी देव घरातलं मोठं माणूस आहे, आणि घरातल्या मोठ्या माणसाला असल्या भानगडीत साक्षीला उभं करत नसतात.

देवाला राजकारणापासून लांब ठेवण्याचं मोठेबाबांचं कारण निराळं. ते तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला कुणी पक्षाचा दुपट्टा गळ्यात घालून आला, तर आधी दुपट्टा खुंटीला, मग माणूस रांगेत. मी एकदा त्यांना डिवचलं. म्हटलं, बेचाळीसच्या आंदोलनात तुकडोजी महाराजांच्या भजनांनी चिमूर-आष्टीकडची माणसं पेटली, सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं. ते राजकारण नव्हतं का?

मोठेबाबांनी चष्मा पुसला. "महाराज जेलात गेले. मत मागाले नाही गेले."

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. म्हणून मी चहा मागितला.

माझ्या मावसभावाला हे दोघंही पटत नाहीत. त्याचं म्हणणं, ज्याला देवाची भीती नाही त्याच्या हाती गाव कसं द्यायचं? त्यातही तथ्य आहे, असं मला पटू लागतं. मग तो कुणाचा देव चालेल ते सांगतो, आणि मी मोठेबाबांकडे सरकून बसतो.

आता माझं. यवतमाळात मी धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा, असं तावातावानं बोलतो. पण आमच्या गणपतीच्या मांडवात आमदार आले की मी त्यांना 'मान्यवर' म्हणतो, आणि दुसऱ्यांच्या कार्यक्रमात दिसले की 'मतांसाठी लाचार' म्हणतो. प्रचाराचा नारळ तर सगळेच पक्ष मंदिरात फोडतात. माझ्या आवडत्या उमेदवाराचा फुटला की परंपरा, दुसऱ्याचा फुटला की देखावा. नारळ बिचारा दोन्हीकडे गोडच निघतो.

एवढी कबुली द्यायला मला धीर आला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. धर्माच्या नावानं मत मागू नये, हे कायद्यात होतंच; पण धर्म कुणाचा, फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, यावर सात न्यायमूर्ती बसले. २ जानेवारी २०१७ ला निकाल लागला, तोही चार विरुद्ध तीन असा. चौघं म्हणाले, कुणाच्याच धर्माच्या नावानं नको. कायद्यातल्या 'त्याचा' या एका शब्दावर सात विद्वानांचं एकमत होईना, तर आमच्या चौघांच्या ओसरीवर कसं व्हावं?

परवाच्या निवडणुकीत तो कार्यकर्ता पुन्हा आला. या खेपेला हात मोकळे, चपला बाहेर काढलेल्या. आतल्या फोटोकडे पाहत म्हणाला, "माय, तो आमच्या घरचा व्हता. बुढी अजूनयी विचारते."

मोठीमायनं त्याला न्याहाळलं.

"आंघोळ केली?"


"हो."

"मंग पाया पड न जाय."