गोळी बंद, सही कुणाची?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो. ड्रमवर लेबल, लेबलवर बॅच नंबर, कागदावर सह्यांची रांग. एवढी शिस्त पाळणारा ऑपरेटर घरी येतो आणि नैराश्यावरची स्वतःची गोळी सोमवारी सकाळी बंद करून टाकतो. या निर्णयावर सही कुणाची?

मेहुण्याची.

मेहुणा म्हणाला, "सवय लागेल." तंबाखू मळता मळता म्हणाला.

मेहुणा एकटा नाही. आईचं मत असं, की स्थळं यायला लागली आहेत, आता गोळ्या नकोत. मुलीकडचे विचारतील, "ठाण्याला दाखवलं होतं का?" १९०१ सालच्या त्या मनोरुग्णालयाचा धाक कर्जत लाइनवर अजून पुरून उरला आहे. मुलगा बरा आहे की नाही, हा प्रश्न लग्नानंतर. तेव्हा तो सुनेने सोडवायचा.

मग मेडिकलवाला. "ती कंपनी येत नाही, आठवड्याने बघा." आठवड्याचा महिना होतो आणि गोळी आपोआप सुटते. डॉक्टर वर्षातून दोनदा भेटणार, हा दर महिन्याला. फॅमिली डॉक्टर कोण, तुम्हीच सांगा.

आणि डॉक्टर? सहा वर्षांपूर्वी सुरू केलेल्या गोळीपुढे दर वेळी 'चालू ठेवा' लिहायला त्यांना दोन मिनिटं लागतात. कधीपर्यंत, हे विचारायची पेशंटची हिंमत नाही आणि सांगायला डॉक्टरांना सवड नाही. खरं तर उत्तर काही गुपित नाही. पहिल्याच खेपेचं नैराश्य असेल, तर बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायची, मग बसून विचार करायचा. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर मुक्काम लांबतो. 'बरं वाटलं' आणि 'बंद केली' यांत कॅलेंडर असतं. आपल्याकडे दोन्ही एकाच दिवशी उरकतात.

बंद करायची कशी, हे खरं तर या ऑपरेटरला शिकवायलाच नको. प्लँटमधल्या जीएलआरला, म्हणजे आतून काचेचा लेप असलेल्या रिअॅक्टरला, तापलेला असताना बाहेरच्या जॅकेटमधून एकदम ब्राइन, म्हणजे अतिथंड खारं पाणी, सोडून बघा म्हणावं. आधी साधं पाणी, मग चिल्ड, मग ब्राइन. घाई केली तर काच तडकते, बॅच जाते आणि सुपरवायझर अशा भाषेत बोलतो की ती इथे छापता येत नाही. लोखंडाच्या भांड्याला पायऱ्या आणि डोक्याला थेट ब्राइन?

बरं, पायऱ्याही सरळ नसतात. डोस अर्धा केला म्हणजे परिणाम अर्धा होत नाही. वरचा मोठा डोस कमी करताना फारसं जाणवत नाही, शेवटच्या छोट्या तुकड्यावर मात्र गाडी घसरते. २०१९ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हे सविस्तर मांडलं गेलं. आपल्याकडे अजून ब्लेडने गोळीचे दोन तुकडे करणं हीच प्रगत पद्धत. त्यात हळूहळू विरघळणारी गोळी असली, तर तिचे तुकडे करायचेच नसतात. पण ब्लेडला कोण अडवणार?

तिसऱ्या दिवशी गरगरायला लागतं. डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, चिडचिड होते, नको ती स्वप्नं पडतात. प्लँटमधले म्हणतात, सॉल्व्हंट लागला. आई म्हणते, गोळ्यांनीच वाट लावली. भाऊ म्हणतो, आजार उलटला. एकदम तोडल्याची ती शरीराची तक्रार असू शकते, हे कुणाच्या गावीही नसतं. ही तक्रार बहुधा दिवसांत सुरू होते, आजार परततो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून भराभर निघून जातात, फ्लुओक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळतं. पण मेहुण्याच्या लेखी सगळी एकच. 'डोक्याची गोळी'.

मग तोडगा निघतो. एक दिवसाआड. म्हणजे दर दुसऱ्या दिवशी नव्याने गरगरायचं.

आता आकडे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या आणि बऱ्या असलेल्या ४७८ जणांवर प्रयोग झाला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात आजाराने पुन्हा गाठलं. गोळीवाले ओरडले, बघा! पण चालू ठेवलेल्यांपैकीही ३९ टक्क्यांना गाठलंच. गोळीविरोधक ओरडले, बघा! ज्याला ठरवायचं आहे त्याने दोन्ही आकडे वाचावेत. दोन्ही बाजूंचे व्हॉट्सअॅप ग्रुप एकेकच वाचतात.

आणि आपला आकडा? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेले सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशींनी गोळी कधीच बंद केली आहे. सुरू न करता.

राहिलेले पंधरा डॉक्टरांना विचारून का बंद करत नाहीत? विचारायचं कधी? सरकारी ओपीडी सकाळची, फर्स्ट शिफ्टही सकाळची. कंत्राटी माणसाचा खाडा म्हणजे दिवसाचा पगार गेला. गोळी स्वस्त, खाडा महाग. विज्ञान, सवय, स्थळं हे सगळं नंतर येतं. निम्मे निर्णय हजेरीपत्रकावर होतात.

नाइट चालू असताना, कर्जाचा हप्ता थकलेला असताना, घरात आजारपण असताना गोळी बंद करायला काढू नये. डॉक्टर हे सांगतात. पण या तीनही गोष्टी एकदम नाहीत, असा महिना एमआयडीसीत उगवतो कधी?

तोवर सरकारने २०२२ पासून 'टेलिमानस' ही हेल्पलाइन ठेवली आहे. १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. गोळी सोडल्यावर मनात वेडंवाकडं यायला लागलं, तर शिफ्ट सुटायची वाट न बघता हा नंबर फिरवायचा आणि डॉक्टरही गाठायचा. फक्त प्लँटमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे. तो गेटवर जमा असतो, वॉचमनकडे. मागताना कारण लिहावं लागतं.