टाकी फुल्ल

सोसायटीत नवी गाडी आली की सगळे पेढे खाऊन अभिनंदन करतात. नाना पेढा तोंडात असतानाच विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" जावयाचा पगार विचारावा त्या सुरात. कंपनीचा आकडा सांगितला की कीव केल्यासारखं हसतात. "तो एआरएआयचा. प्रयोगशाळेत, रोलरवर. तिथे कर्वे रोडचा सिग्नल असतो का?" गाड्यांची चाचणी घेणारी ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर. नाना रोज सकाळी तिकडेच फिरायला जातात आणि ठेव बुडवलेल्या पतपेढीकडे बघावं तसं तिच्या कुंपणाकडे बघतात.

नानांची पद्धत एकच: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. पंप तोच, नोझल तेच, गाडी उभी करायची फरशीसुद्धा तीच. पंपावरचा पोऱ्या "शून्य बघा काका" म्हणेपर्यंत नानांनी शून्य, ट्रिप मीटर आणि पोऱ्याची नियत असं तिन्ही तपासलेलं असतं. पहिल्या ऑटोकटला हात वर. "राउंड फिगर करू?" असं विचारणाऱ्याला त्यांनी एकदा दशांशचिन्हाचं महत्त्व समजावलं, मागची रांग चौकात गेली. मग वही निघते: 407 किलोमीटर, 22 लिटर, 18.5. हा पंप घरापासून नऊ किलोमीटर लांब आहे, याची नोंद वहीत नाही.

खंबाटकी घाटाच्या उतारावर नाना गाडी न्यूट्रलला टाकत. पुतण्याने सांगितलं, "काका, हल्लीच्या इंजिनात गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलला उलट पीत राहतं." नाना त्या रात्री जेवले नाहीत. आठ वर्षांचे उतार वाया गेले होते.

वही चाळली की नानांचा संसार दिसतो. 'चिरंजीवांचं लग्न: 14.2. एसी, शिवाय मागे व्याही.' 'कोकण: 17.1. येताना फणस.' एकाच पानावर हिशेब नाही. एका रात्री माईंच्या छातीत दुखायला लागलं आणि तिसऱ्या गिअरला कधी उशीर न करणारे नाना दुसऱ्यावरच गाडी रेटत, हॉर्नवरचा हात न काढता दवाखान्यात पोचले. पानावर एवढंच आहे: 'माई सुखरूप. किलोमीटर पाहिले नाहीत.'

आणि खाली, दुसऱ्या दिवशीच्या शाईत: 'अंदाजे 11.'