दोनदाती कालवडीची जन्मतारीख
प्रयोगशाळेत आलंय कालवडीचं रक्त, पण संगणकाला आधी तिची जन्मतारीख हवी. मालक म्हणतो, "दोनदाती आहे, साहेब." म्हणजे दोन-अडीच वर्षांची. दातांवरून वय आम्ही पशुवैद्यक मानतो. संगणक चौकट लाल करून बसतो. शेवटी १ जानेवारी टाकतो. आमच्या दप्तरी तालुक्यातली निम्मी जनावरं त्याच दिवशी जन्मलीत! कानातला १२ अंकी बिल्ला? तो बाभळीच्या कुंपणात राहिला, कानाच्या तुकड्यासकट. जातीच्या यादीत खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी आहेत; गावठी नाही. 'इतर' निवडावं, तर कारण लिहा म्हणे. तोवर गोचीडतापाचे जंतू तांबड्या पेशींत निवांत वाढत असतात. त्यांना पासवर्ड लागत नाही.